माझा हात आणि नेपतीचं बी

माय, मी बोलते आहे आणि सूनबाई लिहिते आहे. तुला वाचता येत नव्हतं, मला लिहिता येत नाही, म्हणजे हा कागद आपल्या दोघींच्याही काही कामाचा नाही. पण गेले काही दिवस मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून तुझ्याशी भांडते आहे, आणि सूनबाईला वाटलं मी तिलाच बोलते. काल ती पोळी लाटता लाटता थांबली आणि म्हणाली, "आई, जे काय असेल ते एकदा सांगून टाका, मी लिहून घेते. पण माझ्या पाठीमागे पुटपुटू नका, मला धडकी भरते." ही जळगावची, शिकलेली, मेथीची जुडी मिठाच्या पाण्यात बुडवून, फडक्यानं पुसून, मग चिरणारी. हात इतके धुते की मला तिच्या हातांची दया येते. तिनं वही घेतली आहे, चष्मा लावला आहे आणि आता माझ्या तोंडाकडे बघते आहे, जशी तू मोटेचं पाणी पाटाला लागेपर्यंत बघायचीस.

तर पहिल्यांदा हे घे. मला तुझी शिसारी आली आहे. सूनबाई म्हणते, गेलेल्या माणसाला असं कुणी लिहितं का. म्हटलं, लिही तू. ती होती तेव्हा असं म्हणायची माझी टाप नव्हती, आता ती उठून चापट मारणार नाही, मग आता नाही म्हणायचं तर कधी? तिनं लिहिलं आहे. मला अक्षर कळत नाही, पण तिचं तोंड बघून कळतं की लिहिलं.

आपल्या गावाच्या उगवतीला शिंदखेड्याकडे जाणाऱ्या वाटेवर माळ होता, आठवतो का तुला? आठवत असणारच, निम्मा जन्म तू तिथं सरपण वेचलंस. वैशाखात त्या माळावर दगडांशिवाय काही दिसायचं नाही, आणि दगडांमधून नेपती. पान नाही, सावली नाही, नुसत्या हिरव्या काटेरी काड्यांचा गुंता, कुणी तारेचं भेंडोळं फेकून दिल्यासारखा. सगळं रान जळालेलं असताना तिला विटकरी लाल फुलं यायची आणि त्या फुलांवर इतक्या मधमाश्या, की झुडूप गुणगुणतं आहे असं वाटावं. मी दहा-अकराची असेन. तू कमरेवर हात ठेवून उभी आहेस, पदर डोक्यावरून खाली ओढलेला, आणि मला म्हणते आहेस, "देख वं पोरी, हाई नागडी बाई शे. इले पानंबिनं काही नही. म्हणीसन ऊन इनं काही वाकडं करी सकत नही." नागडी बाई ऐकून मी इतकी हसले की तू पाठीत धपाटा घातलास. पण शिकवलंस मात्र नीट. नेपती आणि वाघाटी या सख्ख्या बहिणी, आणि पाचुंदा त्यांचा भाऊ. तोंडं तिघांची वेगळी. वाघाटी दुसऱ्याच्या अंगावर नखं रोवून चढणारी, पाचुंदा आपल्या बुंध्यावर सरळ उभा, आणि ही नागडी. मग एका घरचे हे ओळखायचं कसं? तू फूल तोडून दाखवलंस, पाकळ्या जेमतेम आणि मधून ह्या लांब लांब मिशा, तिघांनाही तशाच. फळ दाखवलंस, त्याच्या देठाला मध्येच एक गाठ. गाठीच्या अलीकडचा देठ फुलाचा, पलीकडचा फळाचा. दोन देठ एकापुढे एक जोडलेले. असं दुसऱ्या कुठल्या फळाला नाही, असं तू म्हणालीस, आणि मी साठ वर्षं प्रत्येक झाडाचा देठ बघत आले, मला तरी दुसरं सापडलं नाही.

शेवटची खूण तू सांगितली नाहीस, हातावर ठेवलीस. काळ्या काठाची पांढरी फुलपाखरं असतात ना, ती याच घरात अंडी घालतात. बाभळीवर नाही, बोरीवर नाही. तू एका कोवळ्या फुटव्यावरून हिरवट अळी उचललीस आणि माझ्या तळहातावर सोडलीस. ती चालू लागली. गार, मऊ, आणि तिच्या पोटाखालचे ते बारके पाय. माझ्या अंगावर असा काटा आला की मी हात परकराला पुसला आणि अळी त्या परकरावरच चिरडली. तू म्हणालीस, "किळस करू नको. तिले झाड वळखता येस, तुले नही येत." खरं होतं. तुझं बोलणं खरंच असायचं आणि कायम पाठीवर बसायचं.

आपल्या खालच्या शेतात गुरं शिरायची. तुला कुंपण हवं होतं, जिवंत कुंपण, पाणी न मागणारं, वाळवी न लागणारं. नेपतीचे मुळापासूनचे फुटवे खणून आणावेत तर मुळं खडकात उतरलेली, कुदळीचं तोंड वाकायचं. म्हणून तू म्हणालीस, बी लावू. आणि मग ते मडकं. सूनबाई, आता तू नाकाला पदर लाव. तिला पदर नाही, तिनं ओढणी लावली आहे आणि एका हातानं लिहिते आहे.

पिकलेली फळं आपण टोपलीभर वेचली, लालभडक, मऊ. ती तू मडक्यात घातलीस, पाणी ओतलंस, फडकं बांधलंस आणि चुलीमागे ठेवून दिलंस. दोन दिवस मी त्या बाजूला जेवायला बसले नाही. फडक्यावर चिलटांचा थर. फडकं सोडलंस तेव्हा जो वास आला, माय, तो मला अजून कुठंही ओळखता येईल. सडका गूळ आणि मुतारी एकत्र. तू म्हणालीस, हात घाल. कोपरापर्यंत. गर कोमट होता, बोटांतून निसटत होता, मध्ये मध्ये फळाची साल जिभेसारखी लागायची. मी पिळत होते आणि बी खाली बसत होतं. शेवटी मी भिंतीशी धावले आणि ओकले. तू हसलीस. वाईट नाही हसलीस, मायेनंच हसलीस, तेच जास्त वाईट. "ओकी ले, मंग परत हात घाल." आणि तू स्वतः हात घातला नाहीस. तुझं म्हणणं, ज्या हातानं बी धुतलं त्याच हातानं पेरायचं, नाहीतर बी रुसतं. कुठून आणलं होतंस हे? तुझ्या मायनं सांगितलं असेल. तिच्या मायनं तिला. सगळ्यांनी पोरींना मडक्यात हात घालायला लावले आणि आपण बाजूला उभ्या राहिल्या.

बी ओलं होतं तेव्हाच आपण ते बांधाच्या आतल्या वाफ्यात लावलं. मी एक एक टाकलं, तू मागून माती लोटलीस. पहिला पाऊस पडला आणि तू रोज पहाटे वाफ्यावर. तुझ्यासारखी निंदणारी पंचक्रोशीत नव्हती. भावकीतल्या बायका म्हणायच्या, हिच्या शेतात गवत उगवायला घाबरतं. वाफ्यात काय काय फुटायचं, तू उकिडवी बसून चिमटीनं काढायचीस, मी तुझ्यासमोर बसून काढायची. एकदा मी थांबले. एक बारकं रोपटं होतं, दोऱ्यासारखं, सुईसारखी टोकदार पानं. आणि तसंच वीतभर पलीकडे दुसरं. आणि तिसरं. सगळी एका ओळीत. मी विचारलं, माय हे काय आलं गं? तू मान वर न करता म्हणालीस, "गवत शे. नेपतीले पानं ऱ्हातस का? उखाडी टाक बठ्ठं." मी सगळं उपटलं. आपण मूठभर उपटलं आणि शेळीपुढे टाकलं. शेळीनं खाल्लं. एवढं आठवतं मला, की शेळीनं आवडीनं खाल्लं.

श्रावण संपला तरी वाफा कोरा. तुळतुळीत, रांगोळीसाठी सारवलेल्या अंगणासारखा. पुढच्या साली पुन्हा तेच. मडकं, चिलटं, माझं ओकणं, तुझं निंदणं, कोरा वाफा. तेव्हा काकू बांधावर उभी होती. तू तिच्याकडे बघून म्हणालीस, मला नाही, तिला, "काय करशी माय, हाई पोरना हातले गुन नही." बस. एवढंच. त्यावर तुम्ही दोघी दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलू लागलात, कुणाच्या तरी म्हशीबद्दल. मी माझा हात बघितला. महिने झाले तरी नखांत अजून गराचा लाल रंग आहे असं वाटलं. तो हात मला आपला वाटेना. खरं सांगते, मला त्या हाताची किळस आली, जशी अळीची आली होती. फरक एवढाच की हात परकराला पुसून जात नाही.

कुंपण पुढे तू फुटव्यांनी केलंस. दोन कुदळी मोडल्या, पण मुळं आणलीस, तुझ्या हातानं लावलीस आणि ती लागली. मग काय, पुरावाच झाला. त्या वर्षीपासून नवरात्रात घटाच्या मातीत धान्य टाकताना तू मला समई धरायला लावायचीस. "तू उजेड धर." उजेड धरून धरून माझे डोळे गेले असते. कैरीचं लोणचं घालायचं तर फोडी करायच्या मी, आणि बरणीत मीठ-मसाला घालायची धाकटी बहीण. तू रागानं नाही करायचीस हे. पायाला लागू नये म्हणून खुरपं बाजूला ठेवावं, तशी तू मला बाजूला ठेवायचीस.

अमळनेरकडे दिलंस मला, तेव्हाही तू काळजीनंच वागलीस. लग्नानंतर पहिल्यांदा आलीस तेव्हा माझ्या सासूला बाजूला घेऊन म्हणालीस, "हिला पेरायला लावू नका, बाकी कामाला वाघीण आहे." मी रांजणामागे उभी होते, ऐकलं. आंदण दिलेली पितळी भांडी चेपली, एक घागर चोरीला गेली, पाटा फुटला. ते वाक्य मात्र टिकलं. या घरात तिफणीच्या चाड्यावर बी सोडणारी मूठ कायम जावेची. कपाशी लावायची असेल तर बाया ओळीनं पुढे आणि मी मागे, पाणी घेऊन. पण निंदायला? निंदायला सगळ्यात पुढे मी. तुझेच डोळे, तुझीच चिमटी. पिकाच्या दोन पानांत लपलेलं गवत मला दिसायचं. गावातल्या बाया मला हाका मारून न्यायच्या. मीही मिरवायची. किती मिरवायची!

आणि एक गोष्ट. पहिलं मूल माझं राहिलं नाही, सहाव्या महिन्यात पोटातच गेलं. तू आलीस. डोक्याला तेल घातलंस, शेवयांची खीर केलीस, दोन दिवस माझ्या उशाशी बसलीस. एक शब्द वावगा बोलली नाहीस. फक्त एकदा, मी वाटी घ्यायला हात पुढे केला, तेव्हा तू माझ्या हाताकडे बघितलंस. नुसतं बघितलंस. मी हात गोधडीखाली घेतला. ती खीर तू मला भरवलीस. सूनबाईनं आता पेन थांबवलं आहे, विचारते, "हेही लिहू?" म्हटलं, हेच लिहायला बसले आहे, बाकीचं सगळं फोडणी आहे. पुढे दोन झाली, मुलगा आणि मुलगी, त्यांची पोरं आता मोबाईलवर बोटं फिरवतात. त्यांच्यापैकी कुणी माझ्या हाताला विचारून आलं नाही. पण तू तोवर गेली होतीस, त्यामुळे तुला हे सांगता आलं नाही.

गेल्या वर्षी वैशाखात भाच्याचा फोन आला. तुझा नातू, माझ्या भावाचा मुलगा, तोच आता तुझ्या घरात राहतो. म्हणाला, "आत्या, माळावर सोलर येतंय. सगळा माळ सपाट करतायत. बघायचा असेल तर ये." मुलानं गाडीतून नेलं. मला वाटलं होतं वाईट वाटेल. वाईट नाही वाटलं, शिसारी आली. माळाची कातडी सोलून ठेवली होती. जेसीबीनं नेपतीची जाळी मुळासकट ढकलून एका बाजूला ढीग लावला होता आणि ढिगावर चहाचे कागदी कप, गुटख्याच्या पुड्या, कुणाची तरी चप्पल. भाचा कौतुकानं म्हणाला, "बघ आत्या, कसं चकाचक झालं." म्हटलं, "चकाचक तर तुझं टक्कलही आहे रे, मी कधी कौतुक केलं का?" तो हसला, टोपी नीट केली. कडेनं नवीन झाडं लावलेली होती, एकाला एक चिकटून, हिरवीगार भिंतच. मी विचारलं ही कुठली. म्हणाला, "कोनोकार्पस. पाणी लागत नाही, गुरं तोंड लावत नाहीत, कीड पडत नाही, बारा महिने हिरवं."

मी जवळ गेले. देठ बघितला, सवयीनं. पान उलटं केलं. एवढ्या पानांत एक भोक नाही. एक अंडं नाही, जाळं नाही, मुंगीसुद्धा नाही. माय, मला अळीची किळस येते, जन्मभर आली, पण त्या दिवशी मला कळलं की अळीची किळस ही घरातली किळस आहे. जे पान एकालाही खावंसं वाटत नाही, त्याची जी किळस येते ती वेगळीच. प्लास्टिकच्या ताटात जेवायला वाढल्यासारखी. मी पान चुरगाळून वास घेतला आणि थुंकले. भाचा म्हणाला, "आत्या, लोक बघतायत." म्हटलं, "बघू दे, त्यांनाही थुंकायचं असेल."

लांबच्या कोपऱ्यात नेपतीचं एक जाळं राहिलं होतं. जेसीबीवाला जेवायला बसला होता म्हणून राहिलं होतं, दुसरं काही कारण नाही. त्याला लाल फळं लागलेली. मी पदर खोचला आणि तोडायला लागले. भाचा म्हणाला, "अगं, लोणचं कच्च्याचं करतात ना?" म्हटलं, "लोणचं नाही घालायचं. तुझ्या आजीशी भांडण आहे." त्याला वाटलं असेल, हिचं आता वय झालं. हातावर काट्यांचे ओरखडे घेऊन मी घरी आले, पदरात शेर-दोन शेर फळं. कशाला आणली, ते मला सांगता आलं नसतं. त्या जाळीचं संध्याकाळपर्यंत काय होणार ते दिसत होतं. तुझं कुंपण तर शेत विकलं तेव्हाच गेलं होतं. म्हणजे तू दाखवलेल्या नागडीतलं जगात जे काही उरलं होतं ते माझ्या पदरात होतं, आणि मी, हाताला गुण नसलेली, ते घेऊन निघाले होते. हसू येण्यासारखंच होतं.

घरी मडकं कुठलं असणार? ओट्याखाली एक पातेलं दिसलं, त्यात घातली. तिसऱ्या दिवशी सूनबाईनं झाकण उघडलं आणि जी किंचाळली, शेजारीण धावत आली. "आई! हे दुधाचं पातेलं आहे!" म्हटलं, "मग आता कुठे दूध आहे त्यात?" ती मोरीत जाऊन ओकली. मला इतकं हसू आलं, आणि हसता हसता मला तुझं हसणं ऐकू आलं, माझ्याच घशातून. त्या क्षणाला मला माझीच शिसारी आली. मी तिला म्हटलं नाही की परत हात घाल. मीच घातला. ते पातेलं तिनं पुढे तीनदा घासलं आणि भंगारवाल्याला दिलं. परसात मोरीपलीकडे तेलाचे रिकामे डबे होते, त्यांना तळाशी भोकं पाडली, वाळू-माती भरली आणि बी लावलं. ओलं होतं तेव्हाच.

आणि पहिल्याच पावसात मी घसरले. खुबा मोडला. भुसावळला लेकीकडे नेलं मला, तिचं घर खाली आहे, जिने नाहीत. दवाखाना, पट्टा, काठी. पावसाळा गेला, दिवाळी गेली, थंडी गेली. पडल्या पडल्या रेल्वेच्या शिट्ट्या मोजत डब्यांचा विचार करायची. लेकीला म्हणायची, फोन लावून सूनबाईला सांग, डबे निंदायचे आहेत, गवत काढ. लेक म्हणायची, सांगितलं गं. सूनबाई तिकडून म्हणायची, हो हो, करते.

होळीला परत आले. काठी टेकत आधी परसात गेले. डब्यांत गवत वाळून गेलं होतं, पिवळं, आडवं. आणि त्यातून वीतभर उंच हिरव्या काड्या उभ्या. तारेसारख्या. काड्यांना काट्यांच्या जोड्या. पान एक नाही. मी एका काडीला बोट लावलं आणि रक्त आलं. रक्त आलं तेव्हा खात्री पटली. आठ डब्यांपैकी पाच डब्यांत होत्या. मी तिथंच दगडावर बसले. सूनबाई मागे येऊन उभी राहिली. विचारलं, "हे कधी उगवलं?" म्हणाली, "तुम्ही गेलात आणि लगेचच की. पण तेव्हा त्यांना बारीक पानं होती, सुईसारखी. मला वाटलं गवतच आहे." मी म्हटलं, "गवत वाटलं तर उपटलं का नाही? मी निरोप धाडत होते ना?" ती लाजली. मग म्हणाली, "आई, खरं सांगू? त्या डब्यात तुम्ही काय घातलं होतं ते मी डोळ्यांनी बघितलं होतं. मला हात लावायची किळस यायची. फिल्टरचं जे पाणी वाया जातं ते लांबूनच मगानं फेकायची, तुम्ही परत आल्यावर ओरडू नये म्हणून. पानं आपली आपणच गळून गेली थंडीत."

कळलं का तुला, माय? नागडी जन्मताना नागडी नसते. लहानपणी तिला पानं असतात, सुईसारखी, आणि मोठी झाली की ती टाकून देते. दोन्ही वर्षं माझं बी उगवलं होतं. ओळीनं उगवलं होतं, मी जसं टाकलं तसं. आणि तू, जिच्या शेतात गवत उगवायला घाबरायचं, ती रोज पहाटे उठून, उकिडवी बसून, चिमटीनं ते उपटायचीस आणि शेळीला घालायचीस. माझ्याकडूनही उपटून घ्यायचीस. मग वाफा कोरा बघून माझ्या हाताकडे बघायचीस. माझं पहिलं मूल गेलं तेव्हा माझ्या हाताकडे बघायचीस. ज्या नजरेला पानं दिसली की ते झाड नव्हेच असं वाटतं, त्या नजरेनं तू मला अख्खा जन्म मोजलंस. मला तुझ्या त्या स्वच्छ वाफ्याची किळस येते. त्या कोनोकार्पसच्या पानांसारखा होता तो, एक भोक नाही. आणि इकडे या बाईनं, जी वांग्यात अळी निघाली तर अख्खं वांगं फेकते, निव्वळ किळसेपायी माझं बी वाचवलं. तुझी माया घेऊन मी काय करू आणि हिची किळस कुठे ठेवू, सांग.

सूनबाई म्हणते, बिचाऱ्यांना ठाऊक नव्हतं, त्यांनी मुद्दाम थोडंच केलं. लिहिते आहे माझ्या बाजूनं आणि बोलते आहे तुझ्या बाजूनं. मी कुठे म्हणते मुद्दाम केलंस? मुद्दाम केलं असतंस तर मी तुला केव्हाच माफ करून मोकळी झाले असते.

या पावसाळ्यात त्यातल्या चार काड्या वाचल्या. त्यांच्या बुडाशी पुन्हा एक-दोन बारकी रोपं फुटली आहेत, पानांची. नेपतीची आहेत की गवताची, मला सांगता येत नाही. इतक्या लहानपणी देठही नसतो, गाठही नसते, ओळखायचं कशावरून? रोज सकाळी काठी टेकत जाते आणि बघते. चिमटी शिवशिवते, खोटं कशाला बोलू. परवा एका शेंड्यावर पांढरं फुलपाखरू बसलं होतं, काळ्या काठाचं. ते ज्यावर बसलं तेवढंच मला ठाऊक आहे. बाकीच्यांना हात लावत नाही.

सूनबाई विचारते, पत्ता काय घालू? म्हटलं, राहू दे, कुठे धाडायचं नाही. माळ सपाट झाला, आपलं शेत दुसऱ्याचं झालं, आणि तू जिथं आहेस तिथं कुणी तुला वाचून दाखवेल असं मला वाटत नाही. कुणी दाखवलंच तरी तू मध्येच उठून निंदायला जाशील.

आता एकच राहिलं. ते मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण हे सूनबाईलाही माहीत नाही, लिहितानाच कळेल. आज नवरात्राची पाचवी माळ आहे. घट बसवताना हिनं गव्हाची वाटी माझ्यापुढे धरली होती. म्हणाली, "आई, यंदा तुम्ही टाका. नेपती उगवली ना तुमच्या हातानं?" आणि मी, चार काड्या परसात उभ्या असताना, माझा हात मागे घेतला. म्हटलं, "तू टाक गं, मी समई धरते." तिनं टाकले, मी उजेड धरला. मग ती नैवेद्याचं बघायला गेली तेव्हा मी वाटीत उरलेले गहू घेतले आणि भिंतीकडच्या कोपऱ्यात, जिथं कुणाचं लक्ष जात नाही, तिथं एक चिमूट टाकले. वरून माती लोटली. घाम फुटला होता मला, चोरी केल्यासारखा.

सूनबाईनं पेन खाली ठेवलं आहे. उठून देवघरात गेली आहे, आता मी कागदाविना तुझ्याशीच बोलते आहे. बघायला गेली आहे, मला माहीत आहे. सगळीकडे सारखेच उगवलेत, मी सकाळी बघितलं. भिंतीकडचे जरा पिवळे आहेत. तिथं उजेड पोचत नाही म्हणून.